एक वीत, चार बोटं

बाईंनी मला कामावर घेतलं ते माझं पोट बघून. सातवा महिना होता. महाप्याच्या एका कंपनीत मी कपड्यांचे पॅटर्न कापायचे, आणि पोट दिसायला लागल्यावर तिथल्या साहेबांनी मला गोड बोलून घरी बसवलं होतं. शिरवण्यात कुणी रिटायर्ड ड्रॉइंगच्या बाई कापडी खेळणी करतात, त्यांना कापणारी हवी आहे असं कळलं, म्हणून मी उलव्याहून दोन बस बदलून घामाघूम होत तिथे पोचले. बाईंनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. पोटाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कधी येणार?"

"नोव्हेंबरात."

"म्हणजे डिसेंबरात परीक्षक म्हणून येऊ शकतील. छान. तू उद्यापासून ये."

म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मनात म्हणत मी बाहेर पडले. मला 'तू ये' आणि अजून जन्मालाही न आलेल्या माझ्या पोराला 'येऊ शकतील', हे माझ्या लक्षात आलं ते थेट घरी चहा पिताना.

पण बाईंचं सगळं तसंच होतं. मोठ्या माणसांना त्या सरसकट अरे-तुरे करायच्या. माझ्या नवऱ्याला, वाशीच्या कापडवाल्याला, स्वतःच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला, सगळ्यांना. आणि तीन महिन्यांच्या पोराला अहो-जाहो. "या साहेब, बसा. झोप झाली का नीट? शी झाली का?" साहेब लाळ गाळत बघत राहायचे आणि साहेबांची आई गोंधळून आपणच उत्तर द्यायची.

दिसायला बाई माझ्या खांद्याएवढ्या. पांढऱ्याशुभ्र केसांचा घट्ट अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू आणि नाकावर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. लग्न केलेलं नव्हतं. कुंकवाबद्दल कुणी खोचून विचारलंच तर म्हणायच्या, "कपाळ माझं, रंग माझा, तुझं काय जातंय?" आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तीसेक वर्षं शाळेत पोरांना ड्रॉइंग शिकवल्यावर दुसरा कसला असणार!

त्यांचा कारखाना म्हणजे शिरवणे गावातल्या कांतामावशींच्या घराची खालची खोली आणि ओटी. कांतामावशी जागेच्या मालकीण, आणि शिलाईच्या मशीनवरही त्याच. कापायला मी. हातशिलाईला आम्ही तिघीही. बस, संपला कारखाना.

खेळणी कसली करायच्या बाई? दुकानात मिळतात तसले टेडी नाहीत. चैत्रात गौरीपुढे रांगोळीत काढतात ती कासवं, हत्ती, सूर्य, त्या रेघा जशाच्या तशा कापडात उतरवायच्या. वारलीतली त्रिकोणी माणसं हातात हात घालून गोल नाचताहेत असा खुळखुळा. चित्रकथीतले ते मोठ्ठे टपोरे डोळे, तसले डोळे लावलेला मासा. एकदा नुसत्या चौकोनांची आणि वर्तुळांची मांजर केली होती, तिला पुढून बघा की मागून, मांजर एकच. मी म्हटलं, "बाई, हिचं तोंड कुठलं?" तर म्हणाल्या, "ते ठरवायला तू कोण? परीक्षक ठरवतील."

परीक्षा दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता, ओटीवर. आसपासच्या आया आपापली पोरं घेऊन यायच्या. एकेकाला सतरंजीवर निजवायचं. मग बाई आपला हात पसरून पोराच्या नाकापासून एक वीत आणि चार बोटं मोजायच्या, आणि तिथे दोन खेळणी धरायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. "पोर अंगावर पितं तेव्हा त्याच्या डोळ्यांपासून आईच्या तोंडापर्यंत एवढंच अंतर असतं. देवानं सुरुवातीला तेवढंच दिलंय. त्याच्यापलीकडे सगळं धुकं." मग कांतामावशी मोठ्यानं आकडे मोजायच्या, पोर कुठल्या खेळण्याकडे किती वेळ बघतंय ते. जे बघितलं गेलं ते पास. जे नाही ते नापास, आणि नापास झालेलं खेळणं त्याच दिवशी उसवून त्यातला कापूस परत पोत्यात.

मला आधी जीवावर यायचं. दोन-दोन दिवस खपून केलेलं खेळणं, आणि एक दीड महिन्याचा टोणगा जांभई देऊन ते नापास करतो म्हणजे काय! मी एकदा म्हटलंही, "बाई, मला तर फार आवडलं होतं हो हे."

"मोठ्या माणसाचं मत म्हणजे बटाटा," बाई म्हणाल्या. "कुठल्याही भाजीत चालतो. समोरच्याला बरं वाटावं, वाद टळावा, चहा लवकर यावा, काहीही कारण पुरतं. पोर तसं नाही. ते बघतं, नाहीतर बघत नाही."

परीक्षेत एकच अडचण यायची. पोरं खेळण्यांकडे बघायच्याऐवजी बाईंकडेच टक लावून बघत बसायची. अगदी हटकून. शेवटी बाईंनी ओटीवर दोरी बांधून चादर टांगली आणि त्या तिच्यामागे बसून नुसते हात बाहेर काढायला लागल्या. आम्ही समजायचो, बाईंच्या आवाजाला दचकून बघत असतील.

निकालाची एक वही होती. तिच्यातले शेरे मला अजून पाठ आहेत. 'परीक्षकांनी कासव पसंत केले. हत्तीकडे दुर्लक्ष. मध्येच शू.' किंवा, 'परीक्षक रडले. सूर्य नापास की परीक्षक भुकेले, पुढील गुरुवारी पाहणे.'

फिकट गुलाबी टेडी दिसला की बाईंचा पारा चढायचा. "हा रंग बाळासाठी नाही, बाळाच्या आत्यासाठी आहे. पोराला हा दिसतच नाही, दुधात साखर पडल्यासारखा दिसेनासा होतो. आधी काळं-पांढरं. मग लाल. बाकीचे रंग पाहुण्यांसारखे एकेक करून येतात, सगळे एकदम दारात नसतात उभे." हे त्यांना उमगलं होतं म्हणे शेजारच्या एका बारशाला. सगळे नातेवाईक पाळण्यावर गुलाबी अस्वलं हलवून 'अले लेले' करत होते, आणि पोर मान वळवून बघत होतं बाईंच्या साडीकडे. साडी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची. बारशाला काळ्या चौकड्यांची साडी नेसून जाणाऱ्या अख्ख्या नेरूळमध्ये या एकच.

आणि तिथेच गाडी अडायची. पहिल्या दोन महिन्यांच्या पोरासाठी बाईंचं काळं-पांढरं कासव म्हणजे हुकमी पास; पण ते बारशाला न्यायचं कुणी? एकदा कांतामावशी भाचीच्या पोराला घेऊन गेल्या आणि तासाभरात फणकारत परत आल्या.

"बाई, बारशाला काला कोन देतं? पोराच्या आजीनं मना दारातूनच परत धाडलं! म्हनते, अपशकून हाय."

"आणि पोराच्या गालावर तीट कसली लावलीय त्या आजीनं? गुलाबी?" बाई कडाडल्या. "डोळ्यांत काजळ काळं, मनगटात काळे मणी, आणि माझं कासव तेवढं अपशकुनी! दे इकडे ते."

सव्वाशे कासवं माळ्यावर पडून होती. मी म्हटलं झालं, आता कापूस परत पोत्यात. बाई कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "संक्रांत येऊ दे." आणि खरंच, संक्रांतीला पोरांची बोरन्हाणं सुरू झाली. पहिल्या संक्रांतीला पोराला काळाच झबला घालतात ना, वर हलव्याचे दागिने! त्याच आज्या, ज्यांनी दारातून परत धाडलं होतं, त्या आता 'झबल्याला मॅचिंग काही काळं आहे का' म्हणत शिरवण्याचा पत्ता शोधत आल्या. रथसप्तमीपर्यंत एक कासव उरलं नाही. शेवटचं माझ्या ओवीनं पटकावलं, माझ्या लेकीनं. बोरं, चुरमुरे डोक्यावरून पडताहेत, पोरं ओरडताहेत, आणि ही दोन महिन्यांची बया त्या कासवाकडे बघतेय.

तर सगळं असं छान चाललं होतं. पण त्या वर्षी बाईंनी पांढऱ्या रंगाशी भांडण काढलं.

कापडवाल्यानं पाठवलेला तागा बाई दारात नेऊन उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "पिवळट आहे. परत घेऊन जा." दुसरा तागा, तोही पिवळट. तिसरा तर असा पांढरा की माझे डोळे दिपले. कापडवाला स्वतः आला, घाम पुसत म्हणाला, "बाई, इससे सफेद तो सिर्फ दूध होता है।"

"दूधही बघते मी हल्ली. तेही पिवळंच येतं. सगळीकडे भेसळ."

सोसायटीच्या सेक्रेटरीशीही त्यांचं वाजलं होतं, टाकीच्या पाण्यानं आपले केस पिवळे पडतात म्हणून. मी हसून हसून घरी नवऱ्याला सांगायचे. नंतर नंतर हसू येईना. कारण कापडाचा निवाडा बाई माझ्याकडे मागायच्या.

पहिल्यांदा मागितला तो दिवस मला आठवतो. कोपऱ्यातल्या झोळीत ओवी भुकेनं ओरडत होती, कापडवाला उभा, बाई उभ्या, आणि कापड शंखासारखं पांढरं. "तू सांग गं. पांढरं आहे हे?" मला एकच हवं होतं, हे प्रकरण मिटावं आणि पोरीला घ्यावं. मी म्हटलं, "थोडं पिवळट वाटतंय खरं."

बाई जिंकल्यासारख्या कापडवाल्याकडे वळल्या. आणि एकदा म्हटल्यावर पुढच्या वेळीही तेच म्हणावं लागलं, त्याच्या पुढच्या वेळीही. मी मुळात फटकळ बाई, सासूलाही तोंडावर सांगते. पण तिथे बटाटा झाले.

आता सुयांचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन ठेपलं.

कारखाना एका खोलीचा, पण बाईंचा सुईचा नियम पोलादी. रोज सकाळी पाटीवर लिहायचं: सुया सहा. प्रत्येकीला दोन. संध्याकाळी सहा परत. सुई तुटली तर सगळे तुकडे वहीत चिकटवून दाखवायचे. एकदा एक टोक सापडेना, तर बाईंनी आम्हाला लोहचुंबक घेऊन अख्खी खोली पालथी घालायला लावली होती. "पोराच्या तोंडात जाणारी वस्तू करतो आपण," त्या म्हणायच्या. "इथे चुकीला माफी नाही. मलासुद्धा."

आणि बाईंना सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. पाच-पाच मिनिटं त्या सुईच्या आसपास दोरा फिरवत बसायच्या. कांतामावशींना ते बघवेना. मग त्यांनी काय करावं? घरातल्या डब्यातल्या स्वतःच्या दहा सुया रोज सकाळी दोरा ओवून पदराआड ठेवायच्या. बाईंचा दोरा संपला की गपचूप भरलेली सुई पुढे सरकवायची, रिकामी उचलून घ्यायची. बाईंना वाटायचं, आपल्याच दोन सुया मावशी ओवून देतात. पाटीवर सहा, संध्याकाळी सहा. या दहा कुठल्याच मोजणीत नव्हत्या. मला माहीत होतं. मला ते किती गोड वाटायचं म्हणून सांगू! आपण म्हाताऱ्या बाईंचा मान राखतोय, असं वाटायचं.

गणपतीच्या आधीचा गुरुवार. ओवी दहा महिन्यांची झालेली, रांगून रांगून कारखाना डोक्यावर घ्यायची. बाईंनी मोठ्या पोरांसाठी लाल हत्ती काढला होता, चैत्रांगणातला, पाठीवर पांढरी झूल. चाळीस हत्ती तयार. पहिला परीक्षक म्हणून मान ओवीचा.

"या मॅडम," बाई चादरीमागून म्हणाल्या आणि हत्ती पुढे केला. ओवीनं तो ओढून मांडीत घेतला. कांतामावशी मोजायला लागल्या, एक, दोन, तीन. ओवी लाल रंगाकडे बघेना, पांढऱ्या झुलीकडे बघेना. ती कानाच्या मागे काहीतरी बघत होती. मग तिनं आपला अंगठा आणि बोट जुळवलं, त्या वयात पोरांना बारीकसारीक उचलायचा नादच लागतो, जमिनीवरची मुंगीही सोडत नाहीत, आणि लाल दोऱ्याचं एक टोक धरून ओढलं. दोऱ्याबरोबर सुई बाहेर आली. अर्धी बाहेर, अर्धी अजून कापसात.

मी तिच्या हातातून हत्ती कसा हिसकावला मला ठाऊक नाही. ओवीनं भोकाड पसरलं. तिची सगळी बोटं, तळवे, तोंड मी दहादा बघितलं. काही नव्हतं. एक ओरखडाही नाही.

"काय झालं? अगं काय झालं?" बाई चादर बाजूला सारून बाहेर आल्या.

"सुई, बाई."

"कुठाय?"

मी हत्ती त्यांच्या नाकासमोर धरला होता. सुई उजेडात चकाकत होती. बाई बघत होत्या, बघत होत्या, आणि त्यांना ती दिसत नव्हती. शेवटी त्यांनी बोटानं चाचपलं. टोचली तेव्हा कळलं. पुढच्याच क्षणी त्या पाटीकडे वळल्या. "पण काल सहा दिल्या, सहा आल्या."

कांतामावशी खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. "बाई, माज्या हायत त्या सुया. तुमाला दिसत नाय, मना माहीत हाय. मी ओवून ठेवायची. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलली नाय."

माझा तर तोल सुटला. पोरीला छातीशी धरून मी बाईंना नको नको ते बोलले. आंधळ्या म्हटलं. हट्टी म्हटलं. माझ्या लेकीच्या घशात गेली असती तर, म्हटलं. आणि त्या भरात तेही बोलून गेले, "आणि ते कापड पांढरं होतं! सगळे तागे पांढरेच होते!"

बाई माझ्याकडे वळल्या.

"पांढरं होतं?"

"शंखासारखं."

"आणि तू पिवळट म्हणालीस. दर वेळी."

"हो."

बाईंनी ओटीच्या कडेवर बसून चष्मा काढला. मग शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, मोतीबिंदू काढा. मीच टाळलं. अगं, मला धूसर दिसायला लागलं ना, तेव्हा मला कळलं पोरांना कसं दिसतं ते. कडा गेल्या, बारीक नक्षी गेली, राहिलं काळं, पांढरं आणि लाल. ही खेळणी मी डोकं लढवून नाही करत. मला दिसतं ते करते, आणि तेच पोरांना दिसतं. डोळे साफ झाले तर माझ्याकडे काय उरणार? मीही चार जणींसारखी गुलाबी अस्वलं करणार." चष्मा परत नाकावर चढवला. "पण धूसर दिसतंय ते मला ठाऊक होतं. पिवळं दिसतंय हे नव्हतं. ते आपलं आपल्याला नाही कळत गं. ते कुणीतरी सांगावं लागतं."

मला लाज वाटली. अजून वाटते.

बाईंनी वही मागितली आणि माझ्याकडून लिहून घेतलं. 'परीक्षक ओवी, वय दहा महिने. हत्ती नापास. बाईही नापास.' मग त्यांनी सही केली, शाळेत प्रगतिपुस्तकावर करायच्या तशी लफ्फेदार.

चाळीसच्या चाळीस हत्ती आम्ही उसवले. कापसाचा बोळा न बोळा चुंबकावरून फिरवला. दुसरी सुई निघाली नाही, तरी एकही हत्ती परत शिवला नाही. आणि गणपती गेल्यावर बाई ऑपरेशनला गेल्या. एक डोळा आधी, दुसरा महिन्यानं.

त्यानंतरचे आठवडे म्हणजे नुसती धमाल. बाई सगळ्या जगाची हजेरी घेत सुटल्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, तू सावळी आहेस? मी तुला गव्हाळ समजत होते. आणि हनुवटीवर तीळ! चांगला आहे." कांतामावशींना म्हणाल्या, "भिंती कधी धुतल्या होत्यास?" कपाटातला पांढरा तागा उघडला आणि मटकन बसल्या. "अगं बाई! हे तर निळसर मारतंय इतकं पांढरं आहे!" कापडवाल्याला फोन करून त्यांनी माफी मागितली. तो बिचारा इतका घाबरला की नवीन भांडणाची ही सुरुवात असावी असं समजून त्यानं फोनच ठेवला. सेक्रेटरीला पेढे दिले. आरशात बघून तर लहान मुलीसारख्या ओरडल्या, "मी पांढरीशुभ्र झालेय, आणि मला कुणी सांगितलं नाही!"

पण त्यांची भीती खरी ठरली ना! नव्या डोळ्यांना नवे रंग सापडले आणि बाई त्यांच्यामागे वेड्या झाल्या. जांभळ्याच्या सात छटा, शेवाळी, राखाडी, मोतिया. एक मोर केला, काय सांगू, हातात घेतला की ठेवू नये असा देखणा. गुरुवारी त्याला पाच परीक्षकांपुढे धरलं. पाचही जणांनी तोंड फिरवलं. पुढच्या गुरुवारी मासा, तोही नापास. तिसऱ्या गुरुवारी बाईंनी मला हळूच विचारलं, "तुला काय वाटतं? खरं सांग."

या वेळी मी सांगितलं. "बाई, मोर माझ्यासाठी आहे. पोरांसाठी नाही."

"म्हणजे मी आत्या झाले," बाई म्हणाल्या, आणि दोन दिवस कारखान्यात आल्याच नाहीत. आम्हा दोघींना घास गोड लागेना. वाटलं, आपणच डोळे दिले आणि आपणच बाईंचं काम घालवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या त्या हसतच. ऑपरेशननंतर मिळतो ना तो काळा गॉगल, त्याच्या काचा त्यांनी काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी केकच्या खोक्यातला बटर पेपर कापून चिकटवला होता. एकेका डोळ्याला दोन-दोन थर. तो चढवून त्या ओटीवर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "आण तुझा तो मोर. एक वीत, चार बोटांवर धर." मी धरला. "काही नाही. राख नुसती. फाड. आता कासव धर." मी कासव धरलं. बाईंच्या त्या कागदी डोळ्यांखाली सगळं तोंड हसलं. "हे बघ, आले साहेब!"

त्या दिवसापासून चष्मे दोन झाले. शिवायला नवा नंबर, जुन्याच काळ्या फ्रेममध्ये बसवलेला. आणि तपासायला हा बाळाचा चष्मा. सुईत दोरा बाई स्वतः ओवायच्या, पहिल्या फटक्यात, आणि आमच्याकडे बघून भुवई उडवायच्या.

यंदा मे महिन्यात त्या मालवणला गेल्या, कायमच्या. थोरली बहीण तिथे एकटी असते. "शिवाय तिच्या शेजारी जुळे परीक्षक जन्मलेत," म्हणाल्या. निघायच्या दिवशी त्यांनी पाटी कांतामावशींच्या हवाली केली आणि वही माझ्या हातात दिली. मग पिशवीतून बटर पेपरचा चष्मा काढला. "घाल."

इतक्या दिवसांत मी तो कधी घातला नव्हता. घातला आणि एकदम सगळं धुकं झालं. कारखाना गेला, मशीन गेलं, भिंतीवरची खेळणी गेली, ओवी कुठे आहे तेही समजेना. मी घाबरून हात पुढे केला. बाईंनी तो धरला आणि त्या जवळ आल्या, अगदी एक वीत, चार बोटांवर. आणि त्या धुक्यातून एकच गोष्ट लख्ख समोर आली. पांढरे केस, काळी फ्रेम, मधोमध लाल कुंकू.

पोरं इतके दिवस चादरीपलीकडे काय शोधत होती ते मला तेव्हा कळलं.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं. "खरं सांग हं. बटाटा नको."

"तुम्ही, बाई," मी म्हटलं. "बाकी काहीच नाही. तुम्हीच दिसताय."

मी चष्मा काढला तेव्हा त्या आपला पुसत होत्या. मी वही उघडली, शेवटच्या शेऱ्याखाली लिहिलं, 'बाई पास', आणि त्यांच्यासारखीच लफ्फेदार सही करायचा प्रयत्न केला. ओवीनं तिच्यावर लाल खडूनं एक मोठा गोल काढला.